टरफल न ठेवता गेलेली अंडी

संध्याकाळी खुडूक कोंबडीखाली बारा अंडी असतात, सकाळी मोजली तर आठ भरतात. टरफलाचा तुकडा नाही, पीस नाही, रक्ताचा डाग नाही. कोंबडी मात्र कोपऱ्यात अंग फुगवून बसलेली आणि पुन्हा अंड्यांवर बसायला तयार नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात ज्यांच्या परसात चार-दोन कोंबड्या आहेत, त्यांना पावसाळ्यात असा अनुभव कधी ना कधी येतो. पहिला संशय मांजरावर जातो, दुसरा मुंगसावर, तिसरा कधी कधी शेजाऱ्याच्या पोरावरही जातो. साप शेवटी आठवतो आणि आठवला की काठी शोधली जाते.

काठी शोधण्याआधी खुणा वाचाव्यात. घूस किंवा उंदीर अंडे ओढून नेतो, पण कुरतडलेले टरफल बिळाच्या तोंडाशी सापडते. मुंगूस अंडे फोडून खाते आणि खुराड्यात शिरले तर एका कोंबडीवर थांबत नाही, मानेला चावे घेऊन तीन-चार लोळवते. कावळा दिवसाउजेडी येतो. अंडे अख्खे, मागमूस न ठेवता जात असेल तर ते सापाने किंवा घोरपडीने गिळलेले असण्याची शक्यता जास्त. आणखी एक खूण आहे. मेलेले पिल्लू खुराड्यातच पडलेले असते, पण त्याच्या डोक्यावरची आणि मानेवरची पिसे ओली, चिकटून बसलेली दिसतात. सापाने ते डोक्याकडून गिळायला घेतले, घशात मावेना म्हणून सोडून दिले, असा त्याचा अर्थ. असे पिल्लू हातात घेताना आधी आजूबाजूला नीट पाहून घ्यावे, कारण सोडून देणारा फार लांब गेलेला असतोच असे नाही.

आपल्याकडे खुराड्याकडे वळणारे साप मोजकेच. धामण, तस्कर आणि नाग हे त्यातले नेहमीचे. धामण आणि तस्कर बिनविषारी आहेत. उंदीर हे त्यांचे मुख्य खाणे, पिल्लू मिळाले तर तेही चालते. नागाला उंदीर, बेडूक, पिल्ले, अंडी, दुसरे साप यातले काहीही चालते. मोठी कोंबडी त्याला गिळता येत नाही, पण पिल्लांसाठी अंगावर गेलेली कोंबडी त्याच्या दंशाने मरते. घोणस येते ती बहुधा उंदरामागून. मण्यारीला कोंबडीत रस नसतो. ती दुसरे साप, पाली, सरडे, उंदीर खाते. तरीही या पाचांत घरच्या माणसांना सर्वाधिक धोका मण्यारीचाच. तो कसा, ते पुढे येईलच.

केवळ पक्ष्यांच्या अंड्यांवर जगणारा एक साप खरोखर आपल्या राज्यात आहे. अंडीखाऊ साप असेच त्याचे नाव. १८६३ साली शास्त्राला माहीत झालेला हा साप इतका दुर्मीळ की तो महाराष्ट्रात आहे हे २००३ साली वर्धा जिल्ह्यात सापडल्यावर कळले. पण तो सडपातळ आणि लहान. चिमण्या-सुगरणींची अंडी त्याला पुरतात, कोंबडीचे अंडे त्याच्या आवाक्यातले नाही. तेव्हा चोरीचा आळ त्याच्यावर घेऊ नये.

<b>आधी उंदीर, मग साप</b>

अकोले, संगमनेर, राहुरी या भागांत खुराडी बांधली जातात ती बिबट्या, मांजर आणि मुंगूस डोळ्यांसमोर ठेवून. दरवाजा मजबूत, कडी भक्कम, वरून पत्रा. बिबट्याची धास्ती रास्तच आहे. अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासाने जंगल नसलेल्या, दाट वस्तीच्या उसाच्या पट्ट्यातही बिबटे कायमचे नांदतात हे दाखवून दिले. पण बिबट्याला अडवणाऱ्या दारात खाली दोन बोटांची फट असते. सापाला तेवढी पुरते, आणि त्याच्या आधी उंदराला पुरते.

सगळी मेख या उंदरात आहे. साप दुभागलेल्या जिभेने हवेतले आणि जमिनीवरचे वासाचे कण टिपतो आणि टाळूतल्या जेकबसन अवयवाकडे पोहोचवतो. उंदरांची रोजची वाट, त्यांचे मूत्र, बिळे यांचा माग तो असा काढतो. खुराड्यात संध्याकाळी टाकलेली मका-ज्वारीची कणी रात्रभर पडून राहते. खाद्याचे पोते शेजारीच टेकवलेले असते. उंदीर तिथे मुक्कामाला येतात, कोंबड्यांच्या तुसाखाली बिळे काढतात, आणि त्यांच्या वासाने साप येतो. अंडे आणि पिल्लू ही त्याला वाटेत मिळालेली वाढीव शिदोरी. म्हणून ज्या घरी अंडी गेली, तिथे साप शोधण्याआधी बिळे मोजावीत असे मी म्हणेन. बिळे नसलेल्या खुराड्यात साप चुकून येईल. बिळे असलेल्या खुराड्यात तो पुन्हा पुन्हा येईल, आणि एकाला काठीने मारले तर त्याची जागा दुसरा घेईल.

याला जोड असते ती परसातल्या पसाऱ्याची. खुराड्याला टेकून सरपण, त्यामागे गोवऱ्यांचा कलवड, पलीकडे कडब्याची वळई आणि दोन वर्षांपासून पडलेली फुटकी कौले, हे दृश्य जिल्ह्यातल्या कुठल्याही वाडीवर दिसेल. पाऊस सुरू झाला की शेतातली बिळे पाण्याने भरतात, साप उंच आणि कोरडी जागा शोधत वस्तीकडे सरकतात. त्यांना लपायला याहून चांगली जागा कुठली? शिवाय पावसाळ्याचे तोंड हा पिल्लांचा काळ. नागाच्या अंड्यांतून पिल्ले याच सुमारास बाहेर पडतात. घोणस तर अंडी घालत नाही, एका वेळी वीस-पंचवीस किंवा त्याहून जास्त पिल्लांना थेट जन्म देते. पेन्सिलीएवढे पिल्लू दिसले की ‘एवढेसे तर आहे’ म्हणून चिमट्याने उचलू पाहणारे लोक असतात. त्या पिल्लाला जन्मल्या दिवसापासून दात आणि विष दोन्ही असते.

उत्तरेकडच्या प्रवरा, मुळा, गोदावरीच्या बागायती पट्ट्यात ऊस तुटला की आणखी एक लाट येते. हंगामात फड मोकळे होतात, पाचट पेटवले जाते आणि त्यात आसरा घेतलेले उंदीर व साप बांधाकडे, वस्तीकडे धावतात. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून बाहेर पडणारी ऊसतोड कुटुंबे आपल्या चार कोंबड्या बरोबर घेऊनच निघतात. कोपीत माणसे जमिनीवर झोपतात, कोंबड्या डालग्याखाली त्यांच्या उशाशी असतात, आणि कोपी उभी असते ती फडाच्या कडेला. साप आणि माणूस यांच्यात एवढे कमी अंतर दुसरीकडे क्वचितच असेल.

<b>भिंतीच्या पलीकडे झोपलेली माणसे</b>

आता मण्यारीकडे. चोरी होऊ नये, रात्री आवाज ऐकू यावा म्हणून खुराडे घराच्या भिंतीला लागूनच असते. अनेकदा पडवीतच. त्याच भिंतीच्या आत पोरे चटईवर झोपलेली असतात. खुराड्यातल्या उंदरांमागे, दिव्यावरच्या किड्यांना खायला आलेल्या पालींमागे मण्यार रात्री फिरते. काळी-निळसर, चकाकणारी, अंगावर पांढरे बारीक पट्टे, सहसा दोन-दोनच्या जोडीने. ती भिंतीच्या फटीतून आत येते, अंथरुणाच्या उबेला शिरते आणि झोपेत कूस बदलणाऱ्या माणसाला चावते.

तिचा दंश बऱ्याचदा दुखत नाही. सूज येत नाही, खूण दिसेलच असे नाही. माणूस पहाटे पोट दुखते म्हणून उठतो, उलटी होते, घसा दाटल्यासारखा वाटतो. घरचे म्हणतात अपचन झाले, ओवा देतात, अॅसिडिटीची गोळी देतात. मग पापण्या जड होऊन मिटायला लागतात, बोलणे अडखळते, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे कारण नसताना पोटदुखी झाली आणि पापण्या उघडेनात, तर तो मण्यारीचा दंश समजून दवाखाना गाठावा. साप दिसला नाही, खूण सापडली नाही, तरीही.

यावरचा सर्वांत स्वस्त उपाय मच्छरदाणी आहे. नेपाळच्या तराईत झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका ठळकपणे कमी असल्याचे दिसले. तिच्या कडा अंथरुणाखाली खोचलेल्या हव्यात, नुसती लोंबणारी उपयोगाची नाही. खाट असेल तर उत्तम. आणि खुराडे झोपायच्या भिंतीपासून सोडवून पंधरा-वीस फूट लांब न्यावे. राखणीची अडचण होते हे मान्य. पण कोंबडी गेली तर दुसरी मिळते.

<b>जाळी कोणती, आणि कोणती नको</b>

बाजारात ‘कोंबड्यांची जाळी’ म्हणून जी षटकोनी, मोठ्या भोकांची तारजाळी मिळते ती कोंबडी आत ठेवायला ठीक, साप बाहेर ठेवायला निरुपयोगी. तिच्यातून दोन-अडीच फुटी साप सहज जातो. गंमत पुढे असते. रिकाम्या पोटी आत शिरलेला साप दोन अंडी गिळून फुगतो आणि त्याच भोकातून बाहेर पडू शकत नाही. सकाळी अंडी काढायला गेलेल्या बाईला तो आतच वेटोळे घालून बसलेला भेटतो. ज्या घरांत ‘साप खुराड्यातच राहतो’ अशी तक्रार असते, तिथे पुष्कळदा असा अडकलेला पाहुणा असतो.

अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी लावावी. बजेट कमी असेल तर निदान खालच्या तीन फुटांना. जाळीची खालची कड सहा ते नऊ इंच जमिनीत गाडावी, म्हणजे उंदीर-घूस खालून पोखरत नाहीत. जमल्यास तळाला कोबा करावा. दरवाजाखालची फट अर्ध्या इंचाहून कमी हवी. जुन्या ट्यूबच्या रबराची पट्टी ठोकली तरी काम होते. छपराचा पत्रा आणि भिंत यांच्यातली मोकळी जागा विसरू नका, कारण धामण उत्तम चढते. खुराडे पायांवर दोन-तीन फूट उचलून बांधले तर साप चढू शकतो हे खरे, पण खाली अडगळ साठत नाही, उंदरांना बीळ काढायला जागा राहत नाही आणि खालून झाडून घेता येते. भोवती दहा-बारा फूट जमीन मोकळी, गवत कापलेली ठेवावी. उघड्यावर यायला साप नाखूश असतो; त्यालाही घार, घुबड, मुंगूस यांची भीती आहेच.

याउलट, नायलॉनची मासेमारीची किंवा द्राक्षबागेची जुनी जाळी खुराड्याभोवती गुंडाळू नये. साप तिच्यात अडकतो, सुटायच्या धडपडीत धागे खवल्यांत रुततात आणि तो तासन् तास जिवंत, चिडलेला, घराच्या दाराशी पडून राहतो. त्याला सोडवणे हे सर्पमित्रांच्या कामातले फार किचकट काम. अशा जाळीत अडकलेला नाग मेला असे समजून लहान मुलाने हात लावला तर काय, याचा विचार करा.

खाद्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात किंवा ड्रममध्ये ठेवावे, संध्याकाळी उरलेले काढून घ्यावे. उंदरांसाठी पिंजरा किंवा चापाचा सापळा वापरावा. झिंक फॉस्फाइडची गोळी खुराड्याजवळ ठेवू नये. ती कोंबड्याच खातात आणि त्यातून घरात दुसरेच संकट उभे राहते.

आता औषधांविषयी. फिनेल, रॉकेल, चुना, गंधक, डांबरगोळ्या, लसणाचे पाणी, कार्बोलिक अॅसिड: गावोगाव यातले काही ना काही खुराड्याभोवती ओतले जाते. गंधक आणि डांबरगोळ्यांवर अमेरिकेत प्रयोग झाले. सापांनी त्यांची पर्वा केली नाही. कार्बोलिक अॅसिडने कातडी भाजते, ते पोटात गेले तर माणूस मरू शकतो, आणि कोंबड्या जमीनच टोचत फिरतात. अमुक झाड लावले की साप येत नाही, या समजालाही आधार नाही. चुन्याची रेघ ओढण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात दोन बिळे सिमेंटने बुजवून होतात.

गिनी फाऊल किंवा टर्की पाळले की साप येत नाहीत असेही सांगतात. ते साप दिसला की कर्कश ओरडतात, हा त्यांचा खरा उपयोग, पण दिवसा. रात्री कोंबड्यांना नीट दिसत नाही, त्या जागच्या जागी बसून राहतात. लहान सापाला मात्र मोठी कोंबडी टोचून खाऊनही टाकते. हा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालतो.

हात घालण्याची सवय मात्र मोडायलाच हवी. अंडी काढणे, कोंबड्या कोंडणे ही कामे बहुतेक घरांत बायका आणि मुले करतात, तीही सांजवेळी आणि अंधाऱ्या खोक्यात चाचपडत. आधी बॅटरीचा झोत टाकावा, मग काठीने तूस हलवून पाहावे, मगच हात. अंडी दिवसातून दोनदा काढावीत. रात्री खुराड्यात अंडेच नसेल तर निम्मे आमंत्रण रद्द होते. पायात चप्पल नव्हे, बूट असावा. जमिनीची थरथर सापाला लांबून कळते, म्हणून पाय आपटत जाणे हा आजीचा सल्ला शास्त्राला धरून आहे.

<b>दंश झाल्यावर कोंबडी कामाची नाही</b>

साप आणि कोंबडी यांचे आणखी एक नाते गावात जपले जाते, आणि ते जीवघेणे आहे. साप चावलेल्या जागी जिवंत कोंबडीचे किंवा पिल्लाचे गुदद्वार दाबून धरायचे, ती विष ओढून घेते आणि मरते, मग दुसरी लावायची. कोंबड्या मरायच्या थांबल्या की विष उतरले, असा हा प्रकार. तो केवळ आपला नाही. युरोपातही चिरलेली कोंबडी दंशावर बांधण्याचा सल्ला प्राचीन रोमन वैद्यकापासून शतकानुशतके दिला जात होता. कोंबडी खरेच मरते, म्हणून पाहणाऱ्याचा विश्वास बसतो. पण ती मरते दाबून धरल्याने, श्वास कोंडल्याने, भीतीने. सापाचे विष सुईसारख्या दातांनी कातडीखाली खोल जाते आणि लसिकावाहिन्यांतून व रक्तातून पसरते. ते बाहेरून ओढून घेण्याची कुठलीही सोय कोंबडीच्या शरीरात नाही.

मग माणसे बरी झालेली दिसतात ती कशी? आपल्या देशात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या बहुसंख्य बिनविषारी. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो विष सोडतोच असे नाही; याला कोरडा दंश म्हणतात. अशा रुग्णाला कोंबडी लावा, मंत्र म्हणा, कडुनिंबाचा पाला चारा, तो बरा होणारच होता. श्रेय भगताला मिळते. आणि खरोखर विष भिनलेल्या माणसाचे दोन तास पाच कोंबड्यांत जातात.

ते दोन तास किती मोलाचे असतात? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले आणि चौथ्या हिस्स्याहून अधिक पंधरा वर्षांखालील मुलांचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. आराखडे आहेत. पण रात्री दहा वाजता कोंभाळण्याच्या वाडीवर किंवा पाथर्डीच्या डोंगरकपारीत कोणाला फोन करायचा, हे त्या घराला माहीत असले पाहिजे.

दंश झाल्यावर करायचे थोडकेच आहे. माणसाला धीर द्या, चालू-पळू देऊ नका. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण लगेच काढा, कारण सूज आल्यावर ती रुतून बसतात. चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा फळीला हलक्या कापडाने बांधून स्थिर ठेवा. करकचून दोरी बांधू नका, चिरू नका, तोंडाने शोषू नका, बर्फ लावू नका. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने निघा. साप ओळखण्यासाठी पकडून नेण्याच्या फंदात पडू नका. लांबून मोबाइलवर फोटो मिळाला तर ठीक. मेलेल्या सापाचे तोडलेले डोकेही काही वेळ चावू शकते.

रुग्णालयात सापाचे नाव सांगता आले नाही म्हणून उपचार अडत नाहीत. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकत्र चालते. घोणस-फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासे होते, ते पाहण्याची तपासणी तर कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात होते: कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरकी करायची. रक्त पाण्यासारखे वाहिले तर प्रतिविष सुरू. नाग-मण्यारीच्या दंशात डॉक्टर पापण्या, गिळणे आणि श्वास पाहतात. सुरुवातीचा डोस साधारण दहा कुप्यांचा, आणि तो लहान मुलालाही मोठ्या माणसाएवढाच. कारण औषध मारते ते विष, आणि मूल लहान म्हणून सापाने विष कमी सोडलेले नसते. श्वास थांबू लागला तर कृत्रिम श्वासाची सोय लागते. म्हणून आपल्या भागात प्रतिविष आणि व्हेंटिलेटर दोन्ही असलेले जवळचे रुग्णालय कोणते, याची चौकशी आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मे महिन्यातच करून ठेवावी. प्राथमिक केंद्रात पहिला डोस घेऊन पुढे जाणे हे डोस न घेता ऐंशी किलोमीटर धावण्यापेक्षा केव्हाही चांगले.

जिल्ह्याच्या हद्दीला लागून असलेल्या नारायणगावात डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी गेली अनेक वर्षे सर्पदंशावरचे उपचार ग्रामीण भागात, वेळेत आणि व्यवस्थित होऊ शकतात हे दाखवून दिले आहे. आजूबाजूच्या गावांत त्यांनी केलेल्या प्रबोधनाचा भर एकाच गोष्टीवर असतो: भगताच्या दारावरून न जाता थेट दवाखाना.

प्रतिविष बनते घोड्याच्या रक्तापासून. विषाचे अत्यल्प, वाढते डोस घोड्याला देतात, त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात, ती वेगळी काढून कुपीत भरतात. मुंबईच्या हाफकिनमध्ये हे काम दीर्घकाळ चालत आले आहे. लागणारे विष बव्हंशी तमिळनाडूतल्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनागर यांच्या गटाने दाखवले आहे की एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते, त्यामुळे दक्षिणेच्या विषावर बेतलेले औषध सगळीकडे सारखे जोमदार ठरत नाही. सह्याद्रीच्या जंगलपट्ट्यातल्या चापड्यावर तर ते चालतच नाही. सुदैवाने त्याचा दंश फार वेदनादायी असला तरी सहसा प्राणघातक नसतो. या मर्यादा धरूनही चार मुख्य सापांवर दुसरे औषध नाही.

इथे कोंबडी पुन्हा एकदा येते, आणि या वेळी नीट कारणाने. कोंबडीला विषाचे सूक्ष्म डोस टोचले तर तिच्या अंड्याच्या बलकात प्रतिपिंडे उतरतात. घोड्याचे रक्त काढण्याऐवजी अंडी गोळा करून प्रतिविष मिळवण्याचे प्रयोग भारतासह अनेक देशांत झाले आहेत. रुग्णालयात मिळणारे औषध मात्र अजून घोड्याचेच आहे.

खुराड्यात साप दिसलाच तर आत शिरून कोंबड्या वाचवायला जाऊ नका. मुले, कुत्रे यांना लांब न्या, बाहेरूनच दार उघडे करून सात-आठ फुटांवर उभे राहा आणि तो कुठे जातो यावर नजर ठेवा. बहुतेक वेळा तो वाट मिळाली की निघून जातो. जात नसेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा किंवा गावातल्या अनुभवी सर्पमित्राला बोलवा. नाग, घोणस, धामण यांना मारणे, पकडून ठेवणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. धामण मारून तर नुकसान आपलेच. ती वर्षभर उंदीर खात असते.

बिबट्याने शेळी मारली तर वन विभाग भरपाई देतो, सापाने गिळलेल्या कोंबडीची भरपाई नाही. माणूस दगावला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. सातबारावर नाव असलेला खातेदार किंवा त्याच्या घरातली एक व्यक्ती, वय १० ते ७५. अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करायचा असतो आणि मृत्यू सर्पदंशानेच झाला हे कागदावर असावे लागते. घरीच अंत्यविधी उरकलेल्या कुटुंबाकडे तो कागद नसतो. आणि ज्यांच्या नावे जमीनच नाही, त्या कोपीत झोपणाऱ्या कुटुंबाला ही योजना लागू होत नाही.